मागच्या कागदाकडे बोट

प्रश्न सांगलीहून आला आहे. विचारणारे निवृत्त बँक अधिकारी, मुलगा न्यू जर्सीत एमएस करतो. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर बापलेकांचा वाद होतो. मुलगा म्हणतो, अमेरिकेतले तुरुंग वंशद्वेषावर उभे आहेत. वडील म्हणतात, गुन्हा केला तर माणूस आत जाणारच, त्यात कातडीचा रंग कुठून आला? कृष्णवर्णीय लोकसंख्येत शंभरातले तेरा-चौदा आणि तुरुंगात शंभरातले तेहतीसच्या आसपास, म्हणजे ते गुन्हे जास्त करतात एवढाच त्याचा अर्थ नाही का? ‘तुम्ही तिथे रोज आरोपींची वकिली करता, तर खरं काय ते तुम्हीच सांगा,’ असं त्यांनी लिहिलंय.

काका, घरच्या भांडणात मला पंच केलंत, पण पंच तटस्थ नाही हे आधीच सांगते. पुण्यात एलएलबी, इथे येऊन एलएलएम, आणि गेली सतरा वर्षं पूर्व किनाऱ्यावरच्या एका मोठ्या शहरात मी पब्लिक डिफेंडर आहे. वकील परवडत नाही त्याला सरकारी खर्चाने वकील मिळालाच पाहिजे, असं १९६३ साली गिडियन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. तो वकील म्हणजे मी. त्यामुळे मला दिसतं ते आरोपीच्या बाकावरून.

तरीही सरळ सांगायचं तर तुमचा मुलगा पूर्ण बरोबर नाही, आणि तुम्ही त्याच्यापेक्षा बरेच जास्त चुकताय.

आधी आवाका बघा. भारतात १४० कोटी लोकांमागे साडेपाच लाखांच्या आसपास कैदी आहेत. इथे ३४ कोटींमागे १८-१९ लाख. जगाच्या लोकसंख्येत चार-पाच टक्के असलेल्या देशात जगातले सोळा टक्क्यांच्या आसपास कैदी. हे पूर्वीपासून असं नव्हतं. १९७० च्या सुमारास राज्यांच्या आणि संघराज्याच्या तुरुंगांत मिळून दोन लाखांच्या आसपास माणसं होती, २००९ पर्यंत ती सोळा लाखांवर गेली, आणि यात ‘जेल’ धरलेलीच नाहीत. इथे ‘प्रिझन’ म्हणजे शिक्षा झालेल्यांचा तुरुंग आणि ‘जेल’ म्हणजे काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, कोठडी. तिथे दहातल्या सातांवर अजून काहीच सिद्ध झालेलं नसतं, आपल्याकडच्या कच्च्या कैद्यांसारखं.

तुमच्या प्रश्नात एक गृहीत आहे: तुरुंगातला माणूस म्हणजे गुन्हा केलेला माणूस. तुम्ही सिनेमात बघता ती ज्युरी, उलटतपासणी, लाकडी हातोडा, हे माझ्या वाट्याला वर्षातून दोन-चारदा येतं. इथे दोषी ठरणाऱ्या शंभरांतले पंच्याण्णव खटल्याविना ठरतात. गुन्हा कबूल करायचा, त्या बदल्यात सरकारी वकील कलम हलकं करतो किंवा शिक्षा कमी मागतो. याला ‘प्ली’ म्हणतात. म्हणजे हा देश दरवर्षी लाखो लोकांचा निवाडा करतो तो कोर्टाबाहेरच्या व्हरांड्यात.

आमच्याकडे रात्रीचं कोर्ट असतं. अटक झालेल्यांना चोवीस तासांच्या आसपास न्यायाधीशापुढे उभं करावं लागतं, म्हणून रात्री एकपर्यंत कामकाज चालतं. पाळीला वीस-पंचवीस फाइली हातात येतात. प्रत्येक माणसाला काचेपलीकडून भेटायला मिळतात पाच-सात मिनिटं. तेवढ्यात नाव, घर, नोकरी, मुलं, आजार आणि ‘काय झालं ते सांग’ हे सगळं उरकायचं.

एका मुलाचं सांगते, तपशील बदलून. वय एकोणीस, गोदामात माल चढवण्याची नोकरी, खिशात चोरीचा फोन सापडला. तो म्हणाला, रस्त्यावर विकत घेतला. कदाचित खरं असेल, कदाचित नसेल, मला आजही माहीत नाही. न्यायाधीशांनी जामीन लावला १,००० डॉलर. त्याच्या आईकडे दोनशे होते. तीन आठवड्यांनी तारीख पडली, तोवर गोदामाने दुसरा माणूस घेतला होता. त्या तारखेला सरकारी वकील म्हणाले, गुन्हा कबूल कर, आत काढलेले दिवस हीच शिक्षा, आज घरी जा. नाही म्हणालास तर पुढची तारीख महिन्याने. मी त्याला सांगितलं की ही केस आपण लढू शकतो. त्याने मला विचारलं, ‘लढायचं तर झोपायचं कुठे?’ आणि कबुली दिली.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, तो उतरायच्या घाईत सही करून गेला.

दोन वर्षांनी तो परत आला, या वेळी पोलिसांशी झालेल्या हुज्जतीवरून. सरकारी वकिलांनी उभं राहून वाचलं: आरोपीवर पूर्वी दोषसिद्धी आहे. जामीन वाढला, प्लीचा भाव वाढला. त्यांनी काहीही खोटं सांगितलं नव्हतं.

सतरा वर्षांत मला कळलेली मुख्य गोष्ट हीच आहे. पोलीस, सरकारी वकील, प्रोबेशनचा (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर ठेवलेल्यांचा) अधिकारी, न्यायाधीश, यांतला प्रत्येक जण आपल्या पुढ्यातल्या कागदावरून निर्णय घेतो, आणि तो कागद आधीच्या माणसाने लिहिलेला असतो. अन्याय कुठे झाला असं विचारलं की प्रत्येक जण मागच्या कागदाकडे बोट दाखवतो. असं मागे-मागे गेलं की शेवटी आपण पोचतो रस्त्याच्या त्या कोपऱ्यावर, जिथे पोलिसांची गाडी उभी होती.

ती गाडी तिथेच का उभी होती, हे कोणत्याच कागदावर नसतं.

सांगलीच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नसावी. गावात घरफोडी झाली की पोलीस आधी कोणत्या पालावर जातात? पारध्याचं पोर उचललं गेलं की त्याच्या नावावर ‘संशयित’ अशी नोंद होते, आणि पुढच्या चोरीला तीच नोंद पुरावा म्हणून उघडली जाते. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आपण तो १९५२ मध्ये रद्द केला, पण पोलीस ठाण्याची सवय गेली का? इथलं दुखणं हुबेहूब तेच आहे असं मी म्हणणार नाही. पण नोंदीतून नोंद जन्मते ही रीत तुम्ही ओळखाल.

आता गाडीकडे येते. १९९६ सालच्या व्रेन निकालानंतर इथे नियम असा आहे की वाहतुकीचा कुठलाही बारीकसा भंग दिसला की पोलीस गाडी थांबवू शकतो, त्याच्या मनात खरं कारण काहीही असो. मागचा दिवा गेला, वळताना इंडिकेटर उशिरा लागला, एवढं पुरतं. मग थांबवतात कोणाला? स्टॅनफर्डच्या संशोधकांनी देशभरातल्या सुमारे दहा कोटी नोंदी तपासल्या आणि २०२० मध्ये निष्कर्ष छापले. संध्याकाळी सातची वेळ एकच, पण उन्हाळ्यात तेव्हा उजेड असतो, हिवाळ्यात अंधार. अंधारात चालकाचा रंग दिसणं कठीण. आणि अंधार पडला की थांबवलेल्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण कमी होतं. इतका साधा, इतका नेमका प्रयोग मी या विषयात दुसरा पाहिलेला नाही.

मिसूरीतलं फर्ग्युसन हे छोटं शहर. २०१४ मध्ये तिथे पोलिसाच्या गोळीने एक तरुण मेला, म्हणून केंद्राच्या न्याय खात्याने चौकशी केली. लोकसंख्येत कृष्णवर्णीय ६७ टक्के, थांबवलेल्या वाहनचालकांत ८५, चलनं फाडलेल्यांत ९०, अटक झालेल्यांत ९३. पायरीगणिक आकडा कसा चढतो पाहा. अहवालात याहून बोचरी गोष्ट वेगळीच होती. शहराच्या अंदाजपत्रकात दंडाची रक्कम आधीच जमेला धरलेली असे, आणि पोलिसांवर ती वसूल करण्याचा दबाव असे. दंड भरला नाही की वॉरंट, वॉरंट निघालं की अटक. तुम्ही बँकेत होतात, थकबाकीवर दंडव्याज कसं चढतं ते तुम्हाला मी काय सांगू!

न्यूयॉर्कमध्ये २०११ या एका वर्षात पोलिसांनी ६,८५,००० हून जास्त वेळा लोकांना रस्त्यात थांबवलं, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे. जवळपास नव्वद टक्के लोकांकडे काहीच न सापडल्यामुळे सोडून द्यावं लागलं. २०१३ मध्ये कोर्टाने ती पद्धत घटनाबाह्य ठरवली. पण उरलेल्या दहा टक्क्यांतून ज्या फाइली तयार झाल्या त्यांचं काय? त्या आहेतच. गांजाचंही तसंच. गोरे आणि कृष्णवर्णीय जवळपास सारख्याच प्रमाणात ओढतात हे पाहणीत पुन्हा पुन्हा दिसलंय, तरी २०१० च्या आकड्यांत अटकेची शक्यता कृष्णवर्णीयाला पावणेचार पट होती. विद्यापीठाच्या वसतिगृहात गांजाचा वास आला तर वॉर्डन समज देतो. माझ्या अशिलाच्या जिन्यात आला तर पोलीस येतात.

कॅलिफ ब्राउडरची गोष्ट तुमच्या मुलाला माहीत असेल. ब्रॉन्क्समधला सोळा वर्षांचा मुलगा, २०१० मध्ये पाठीवरची बॅग चोरल्याच्या आरोपावरून धरला गेला. जामीन ३,००० डॉलर, घरच्यांना जमला नाही. पुढे आधीच्या एका प्रकरणात तो प्रोबेशनवर होता म्हणून जामीनच नाकारला गेला. बघा, पुन्हा मागचा कागद. त्याला प्ली देऊ केली, त्याने नाकारली, मी चोरी केलेली नाही म्हणाला. रायकर्स बेटावरच्या जेलमध्ये तीन वर्षं काढली, त्यातली सुमारे दोन एकांत कोठडीत. २०१३ मध्ये सरकारने आरोप मागे घेतले. २०१५ मध्ये त्याने आईच्या घरी जीव दिला. खटला उभा राहिलाच नाही. प्ली नाकारायची किंमत म्हणजे काय, हे नव्या ज्युनियरला शिकवताना मी याच प्रकरणापासून सुरुवात करते.

तुम्ही म्हणाल, न्यायाधीशांना हे दिसत नाही का? दिसतं, आणि दिसल्यावर काय केलं तेही लिहून ठेवलेलं आहे. जॉर्जियातल्या वॉरन मॅक्लेस्की या कृष्णवर्णीय माणसाला मृत्युदंडाची शिक्षा झाली होती. त्याच्या वकिलांनी राज्यातल्या दोन हजारांहून जास्त खुनांच्या प्रकरणांचा अभ्यास कोर्टापुढे ठेवला. बळी गोरा असेल तर आरोपीला मृत्युदंड होण्याची शक्यता, बाकीच्या गोष्टी सारख्या धरून, ४.३ पट. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की आकडे खरे धरले तरी चालणार नाही, याच प्रकरणात याच माणसाविरुद्ध कोणी हेतुपुरस्सर भेदभाव केला ते दाखवा. आता हेतू कोण कागदावर लिहून ठेवतो? तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल निवृत्तीनंतर म्हणाले की एखादं मत बदलता आलं असतं तर हे बदललं असतं. तोवर १९९१ साल उजाडलं होतं. मॅक्लेस्कीला त्याच वर्षी विजेच्या खुर्चीत बसवलं.

अमली पदार्थांच्या कायद्यावर मी फार वेळ घालवत नाही, त्यावर तुमचा मुलगाच तुम्हाला तासभर ऐकवेल. एवढंच लक्षात ठेवा: जून १९८६ मध्ये लेन बायस हा तरुण बास्केटबॉलपटू कोकेनने मेला, आणि ऑक्टोबरमध्ये कायदा तयार होता. पाच ग्रॅम क्रॅकला, म्हणजे चहातल्या चमचाभर साखरेइतक्या वजनाला, किमान पाच वर्षं. तेवढीच शिक्षा कोकेनच्या भुकटीला हवी असेल तर अर्धा किलो बाळगावी लागे. पदार्थ मुळात एकच, क्रॅक म्हणजे तीच भुकटी सोड्यात उकळलेली. क्रॅकमध्ये सापडणारे बहुतेक कृष्णवर्णीय. २०१० मध्ये शंभराचं प्रमाण अठरावर आणलं, आणि आधी शिक्षा झालेल्यांना त्याचा फायदा मिळायला २०१८ उजाडलं. एकास एकवर अजूनही आणलेलं नाही.

आता तुमच्या मुलाचं कुठे चुकतं ते.

एक, खासगी कंपन्या नफ्यासाठी माणसं कोंडतात म्हणून हे सगळं चाललंय, असं तो म्हणत असेल. अशा तुरुंगांत शंभरातले आठ-नऊ कैदी असतात. ते बंद झालेच पाहिजेत, पण उद्या झाले तरी नव्वदांवर जागच्या जागी राहतील. दोन, गांजावाले सोडले की तुरुंग रिकामे होतील हेही खरं नाही. केंद्राच्या तुरुंगांत अमली पदार्थवाले चाळीस-पंचेचाळीस टक्के आहेत, पण बहुतेक कैदी राज्यांच्या तुरुंगांत असतात, आणि तिथे निम्म्याहून जास्त हिंसक गुन्ह्यांसाठी. मीही खुनाच्या आरोपींची वकिली करते. ज्याने खरंच गोळी झाडली अशा माणसाशेजारी बसते.

आणि होय, खुनांच्या आकड्यांत कृष्णवर्णीय त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त दिसतात, आरोपी म्हणूनही आणि बळी म्हणूनही. अलीकडच्या वर्षांत देशातल्या खुनाच्या बळींत जवळपास निम्मे तेच आहेत. हा आकडा लपवून माझ्या बाजूचा कोणी वाद घालायला लागला की मला संताप येतो, कारण ज्यांची पोरं मेली त्या आया माझ्याच अशिलांच्या शेजारी राहतात. १९६० ते १९९० मध्ये हिंसक गुन्ह्यांचा दर चौपटीहून जास्त वाढला, तेव्हा कडक कायदे मागणाऱ्यांत कृष्णवर्णीय पाद्री आणि नगरसेवकही होते. अमली पदार्थांच्या १९८६ च्या कायद्याला काँग्रेसमधल्या, म्हणजे इथल्या संसदेतल्या, अनेक कृष्णवर्णीय सदस्यांनी पाठिंबा दिला. त्यांनी पोलीस मागितले, आणि त्याबरोबर शाळा, नोकऱ्या, घरंही मागितली. मिळाले फक्त पोलीस.

पण काका, हा आकडा सांगितला की तुम्ही ‘बघ, मी म्हणत होतो’ म्हणणार, म्हणून पुढचं ऐका. ती हिंसा शहरभर पसरलेली नसते, ती काही ठरावीक गल्ल्यांत साचलेली असते. त्या गल्ल्या कोणत्या, हे १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने गृहकर्जासाठी नकाशे काढले तेव्हाच बऱ्याच अंशी ठरलं. कृष्णवर्णीय वस्ती दिसली की नकाशावर लाल रंग, आणि लाल रंग दिसला की कर्ज नाही. कर्ज नाही म्हणजे घर नाही, आणि इथे शाळेचा बराचसा पैसा घरपट्टीतून येतो. वर त्या गल्ल्यांत खून झाला तर निम्म्या वेळा आरोपी सापडतच नाही. म्हणजे फुटक्या दिव्यासाठी पोलीस आहेत आणि खुनाच्या तपासाला नाहीत. लोक साक्षीला का येत नाहीत असं सरकारी वकील मला विचारतात, तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही.

मागचा कागद शोधत अगदी मागे गेलात तर १८६५ लागतं. गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीत एक फट ठेवलेली आहे: गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तर सक्तीची चाकरी चालेल. यादवी युद्धाआधी दक्षिणेतल्या राज्यांच्या तुरुंगांत बहुतेक गोरेच असत, कारण गुलामाला शिक्षा मालकच करी. युद्धानंतर काही वर्षांत चित्र उलटलं. बेकार भटकणं हाच गुन्हा ठरवला, माणसं धरली, आणि ती खाणींना, रेल्वेला, शेतांना भाड्याने दिली. अलाबामात हा धंदा १९२८ पर्यंत चालला. लुईझियानातला अँगोला तुरुंग आजही जुन्या मळ्याच्या जमिनीवर आहे, आजही तिथे कैदी शेतात राबतात, आणि त्यांची मजुरी तासाला काही सेंट असते.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी केलेल्या त्यागाबद्दल. मला त्या अर्पणपत्रिकेचा अभिमान आहे. पण तीच वर्षं होती, जेव्हा जॉर्जियात सुटलेल्या गुलामांना साखळ्या घालून ठेकेदाराच्या हवाली केलं जात होतं. पुण्यापर्यंत ती बातमी कुठून पोचणार? मुक्तीची बातमी समुद्र ओलांडून आली, तिच्यातल्या पळवाटेची आली नाही.

सगळंच अंधारलेलं आहे असंही नाही. २००९ नंतर कैद्यांची संख्या बरीच उतरली. कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांच्या तुरुंगवासाच्या दरातला फरक २००० च्या आसपास आठपट होता, तो आता पाचपटीच्या आसपास आला आहे. इलिनॉयने सप्टेंबर २०२३ पासून रोख जामीन पूर्ण बंद केला. तुमचा मुलगा राहतो त्या न्यू जर्सीने २०१७ पासून तो जवळपास संपवला आणि जेलमधली माणसं झपाट्याने कमी झाली. मात्र आत उरलेल्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण होतं तेवढंच राहिलं. पैशांची गाळणी काढली, तिच्याआधीच्या गाळण्या तशाच होत्या.

आपल्या लोकांना हा विषय ‘त्यांचा’ वाटतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावात गुजरातहून मुलाकडे आलेले सत्तावन्न वर्षांचे आजोबा सकाळी फिरायला निघाले. शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला की एक बारीकसा काळा माणूस घरांकडे बघत हिंडतोय. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने त्यांना जमिनीवर असं आदळलं की मानेला दुखापत होऊन काही काळ अंग लुळं पडलं. त्या पोलिसावर केंद्राने खटला भरला, दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही, आणि शेवटी न्यायाधीशाने त्याला सोडलं.

शेवटचं तुमच्या मुलासाठी, कारण दर वर्षी एक-दोन भारतीय विद्यार्थी माझ्यापर्यंत येतात, आणि बहुतेक वेळा उशिरा. पोलिसाने थांबवलं तर हात स्टीअरिंगवर ठेवायचे, नाव आणि लायसन्स द्यायचं, डिकी तपासू का विचारलं तर नम्रपणे नाही म्हणायचं. अटक झालीच तर ‘मला वकील हवाय’ एवढंच बोलायचं, पुढे गप्प. आणि प्ली समोर आली, अगदी ‘दंड भर नि घरी जा’ अशी सोपी वाटली, तरी सही करण्याआधी वकिलाला विचारायचं की याचा व्हिसावर काय परिणाम होईल. २०१० च्या पडिया निकालानंतर ते सांगणं वकिलावर बंधनकारक आहे. आणि सेकंडहँड गाडी घेतली असेल, तर तिचा मागचा दिवा लागतो का ते आजच बघायला सांगा.